कलमाच्या चाकूला शिंगाची मूठ

३ मे २०२५, शनिवार

आज मामाचं पार्सल आलं, राजापूरहून. आत त्याचा कलमाचा चाकू, ज्याने तो आंब्याची कलमं बांधतो. पातं गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यातनं (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीतनं) घडवलेलं, एका बाजूनेच धार, अजून मस्त आहे. पण सागाची मूठ पार गेलेली. पावसात फुगायची, मग सुकली की आकसायची, असं वर्षानुवर्षं होऊन रिबिटाभोवती भोकं मोठी झालीत आणि चाकू हातात खुळखुळतो. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो, फ्रान्समधल्या जुन्या सर्पेटचा. सर्पेट म्हणजे तिकडचे द्राक्षवाले आणि बागवाले छाटणीला वापरायचे तो वाकड्या पात्याचा चाकू. त्याला हरणाच्या शिंगाची खडबडीत मूठ. खाली मामाचा मेसेज, अगं अशीच मूठ बसव, सांबरशिंगाची, तुझ्या आजीकडे एक तुकडा होता बघ, सूज आली की सहाणेवर उगाळून लावायची, तसलं काहीतरी ठाण्यात मिळेल की.

फोन करून सांगितलं, मामा मूठ नक्की करून देते, पण सांबरशिंग नाही वापरणार. तो म्हणाला मग काय वापरशील ते वापर, पण कोय कलमं (कोयीतनं उगवलेल्या कोवळ्या रोपाच्या खुंटावर चांगल्या झाडाची काडी बसवून करतात ती) बांधायला घेतो तेव्हा धो धो पाऊस असतो, हाताला चीक असतो, चाकू घसरता कामा नये. एवढीच अट. आणि जूनच्या शेवटापर्यंत हवा.

ही अट मला फोटोपेक्षा जास्त उपयोगी वाटते. आता काम सुरू.

४ मे, रविवार

आज हत्याराला हात लावला नाही, नुसतं वाचन आणि विचार. जगभरचे मूठ बनवणारे अँटलरच्या, म्हणजे हरणाच्या शिंगाच्या, एवढे प्रेमात का आहेत ते नीट समजून घ्यायचं होतं, कारण ते कळलं तरच दुसऱ्या कशात तेच गुण शोधता येतील.

आपण मराठीत दोन्हीला शिंगच म्हणतो, पण हरणाचं वेगळं आणि म्हशीचं वेगळं. सांबर, चितळ, बारशिंगा यांचं जे असतं ते अँटलर, म्हणजे खरंखुरं हाड. कवटीवरच्या खुंटीतनं उगवतं, वाढताना वर मखमली कातडी असते, त्यात रक्तवाहिन्या असतात, वाढ पूर्ण झाली की ती कातडी सुकून घासून निघते आणि काही महिन्यांनी अख्खं शिंग गळून पडतं, पुढच्या वेळी नवीन. सस्तन प्राण्यांमध्ये एवढ्या वेगाने वाढणारं हाड दुसरं नाही. साध्या हाडापेक्षा यात खनिज कमी आणि कोलॅजन जास्त, म्हणून धक्का बसला तर तडकत नाही, तो पचवतं. अश्मयुगातली माणसं गारगोटीचे छिलके काढायला अँटलरचे हातोडे वापरायची, आणि इंग्लंडमध्ये स्टार कारला अँटलरची दातेरी भाल्याची टोकं सापडलीत, साधारण ११,००० वर्षं जुनी. म्हणजे हा माल माणसाच्या हातात खूप आधीपासून आहे.

मुठीच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की बाहेरचा थर घट्ट आणि आतला गाभा स्पंजासारखा जाळीदार असतो. बऱ्याच जातींमध्ये हा गाभा मोठा असतो, तो रेझिन पाजून भरावा लागतो. सांबराचा घट्ट थर जाड आणि गाभा लहान, त्यामुळे इंग्लंडमधल्या शेफिल्डचे आणि जर्मनीतल्या सोलिंगेनचे चाकूवाले आपल्याकडचं सांबरशिंग मागवायचे, जुन्या चाकूंच्या जाहिरातीत इंडिया स्टॅग म्हणून दिसतं ते हेच.

आणि बाहेरच्या त्या खाचा. त्या कुणी कोरलेल्या नसतात. मखमलीतल्या रक्तवाहिन्या जिथनं जात होत्या तिथे हाडावर पन्हळी राहतात, म्हणून त्या लांबीच्या दिशेने जातात. हे मी आज पहिल्यांदा नीट बघितलं आणि एकदम लक्षात आलं की लांबीच्या खाचा चाकूला हातात फिरू देत नाहीत, गोल गरगर. पण पुढे पात्याकडे सरकण्याला त्यांची तेवढी अडकण नाही. तो विरोध अँटलरमध्ये वाकामुळे आणि गाठींमुळे येतो. मामाला दोन्ही हवंय.

आता कायदा, कारण सांबरशिंग का नाही हे विचारणारे खूप असतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यातल्या ट्रॉफीच्या व्याख्येत अँटलरचं नाव सरळ लिहिलेलं आहे. ‘पण गळून पडलेलं आहे, कुणी मारलं नाही’ हे म्हणून चालत नाही. इथे ठाण्यात तर येऊर आपल्या दारात, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, चितळ आहेत, सांबर आहेत, फिरायला गेलेल्या कुणाला शिंग दिसलं तर ते तिथेच राहू द्यायचं. मला तर कायदा नसता तरी हेच बरोबर वाटलं असतं. साळिंदर, उंदीर आणि खुद्द हरणंसुद्धा पडलेली शिंगं कुरतडतात, त्यातनं त्यांना कॅल्शियम-फॉस्फरस मिळतं. त्या जंगलाची ती शिदोरी आहे. अमेरिकेत वायोमिंगमधल्या जॅक्सनला एल्कच्या (तिकडच्या मोठ्या हरणाच्या) अभयारण्यात गळलेली शिंगं स्काउटची मुलं गोळा करतात आणि गावात दर मे महिन्यात त्याचा लिलाव होतो, तिकडची व्यवस्था तशी आहे, नियम तसे आहेत. तिकडचे व्हिडिओ बघून इथे माल शोधायला निघू नका प्लीज.

११ मे, रविवार

तीन गोष्टी टेबलावर आणल्या.

एक, कापडी हायलम. मुंबईतल्या लोहार चाळीत इलेक्ट्रिकच्या दुकानात शीट मिळतं, फिनॉलिक रेझिनमध्ये सुती कापडाचे थर दाबलेले. परदेशात चाकूवाले ज्याला मिकार्टा म्हणतात तोच प्रकार. पाण्याला अगदी पक्कं, ओल्या हातात पकड उत्तम. खरं सांगायचं तर नुसतं काम बघितलं तर हेच सगळ्यात शहाणपणाचं. पण मामाला शिंग हवंय आणि मलाही शिंगावर काम करायचंय, त्यामुळे हायलम मूठ म्हणून नाही पण पातळ अस्तर म्हणून नक्की येणार.

दोन, उंटाचं हाड. हे अँटलरचं जवळचं नातेवाईक, दोन्ही हाडच. पण बाजारात येतं ते पांढरंशुभ्र ब्लीच केलेलं, आणि ब्लीच जास्त झालं की ठिसूळ होतं. वर नैसर्गिक खाचा नाहीत, बर (ड्रिलला लावायचं कोरायचं बारीक टोक) फिरवून कोराव्या लागतात आणि मग चहाच्या पाण्यात किंवा रंगात बुडवून स्टॅगसारखं दिसायला लावायचं. बरेच जण करतात, छान दिसतं. मला ते नको. अँटलरचा मुखवटा घालून दुसरं काहीतरी मामाच्या हातात द्यायचं नाहीये.

तीन, म्हशीचं शिंग. हेच घेतलं. उत्तर प्रदेशातल्या संभळला शिंग-हाडाचं काम मोठ्या प्रमाणात चालतं, ओडिशात पारलाखेमुंडीला शिंगाचे पक्षी-प्राणी करतात, कच्चा माल सगळा पाळीव म्हशींचा. मी मुळाकडचा एक मोठा तुकडा मागवला, वरची साल न काढलेला, कारण मला पॉलिश केलेल्या काळ्या पट्ट्या नको होत्या. बिल घेतलं आणि त्यावर म्हशीचं शिंग असं लिहून घेतलं. हे कराच, कारण गव्याचं शिंग दिसायला जवळपास असंच आणि गवा संरक्षित आहे. कापून तासल्यावर नुसत्या नजरेने फरक सांगणं कठीण.

१८ मे, रविवार

कापाकापी. गॅलरीत वाइस लावला, एन-९५ मास्क, खाली वर्तमानपत्र. आई दार लावून आत बसली कारण वास. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखा-केसांचं तेच, करवत जोरात चालवली की जळक्या केसांचा वास सुटतो. हाडाची धूळ काय किंवा शिंगाची काय, फुप्फुसात जाणं चांगलं नाहीच, पण वास आला की समजायचं हात फार वेगात चाललाय, माल गरम होतोय. गरम झालं की केराटिन मऊ पडतं आणि कापलं जाण्याऐवजी दबतं. म्हणून हॅकसॉ, मोठे दाते, सावकाश, मध्ये मध्ये पाणी.

शिंग आतून पोकळ असतं, मुळाकडे. जिवंतपणी त्यात हाडाचा गाभा असतो आणि वर ही केराटिनची टोपी. म्हणजे हरणाचं शिंग अख्खं हाड आणि म्हशीचं हाडावरचं म्यान. म्हैस ते कधी गाळत नाही, आयुष्यभर वाढत राहतं. टोकाकडे भरीव, मुळाकडे भिंत पातळ. मला भिंतीतनंच दोन पट्ट्या काढायच्या होत्या, मामाच्या पात्याचं शेपूट, म्हणजे मुठीत जाणारा भाग, पूर्ण मुठीएवढं लांब आहे, दोन्ही बाजूंनी दोन फळ्या लावायच्या.

आणि इथे खरी मजा आली. म्हशीच्या शिंगाच्या चपट्या बाजूवर ज्या वळ्या असतात ना, त्या आडव्या असतात. अँटलरच्या उभ्या, याच्या आडव्या! म्हणजे पट्टी लांबीत कापली की वळ्या आपोआप बोटांच्या रांगेत येतात आणि हात पुढे पात्यावर सरकायला त्या अडवतात. कोय कलमात कोवळ्या खुंटाला वरनं उभी चीर देतात तेव्हा हात खाली दाबलेला असतो, तिथे घसरला तर अंगठा गेला. फोटोतल्या त्या सुंदर फ्रेंच मुठीपेक्षा या कामाला म्हशीचं शिंग जास्त योग्य आहे असं माझं आता ठाम मत झालंय. राहिला फिरण्याचा प्रश्न, त्याला उभ्या खाचा मी पाठीकडे कानशीने देईन.

वळ्या असलेली साल अजिबात तासायची नाही हे ठरलं. आतली बाजूच सपाट करायची.

२५ मे, रविवार

पट्ट्यांना शिंगाचा गोलावा आहे, तशा लावल्या तर मध्ये फट. त्या सरळ करायच्या. जुन्या पातेल्यात (हे पातेलं परत स्वयंपाकघरात जाणार नाही) पाणी उकळून पट्ट्या चांगल्या वेळ उकळत ठेवल्या, चिमट्याने धरून वाकवून बघितल्यावर लवचिक वाटल्या तेव्हा बाहेर काढून गरम केलेल्या दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये ठेवून वाइसमध्ये दाबल्या. एकदम नाही दाबायचं, चतकोर फेरा, थांबा, परत चतकोर फेरा, नाहीतर थर सुटतात. मधे पातळ रबर ठेवला सालीच्या बाजूला, वळ्या चेपू नयेत म्हणून. पूर्ण गार होईपर्यंत तशाच, रात्रभर. गार होताना जो आकार असेल तोच राहतो.

एक लक्षात ठेवायचं, हा आकार उष्णतेने दिलेला आहे म्हणून उष्णतेनेच परत जाऊ शकतो. गरम पाण्यात बुडवून धुवायचं नाही, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचं नाही. मामाला चिठ्ठीत लिहायचंय हे.

२७ मे, मंगळवार

काल मान्सून मुंबईत आला. २६ मे! नेहमीची तारीख ११ जून. नोंद आहे तेव्हापासून इतक्या लवकर कधी नव्हता म्हणे. घोडबंदर रोडला पाणी, ऑफिसला उशीर, ते सगळं ठीक, पण माझ्या पट्ट्या उकळून नुकत्या निघाल्यात आणि त्या सुकवायला हवा कोरडी हवी होती. शिंग पाणी पितं, लाकडाएवढं नाही पण पितं. ओल्या पट्ट्या चिकटवल्या तर नंतर आकसून कडा उघडतील, सागाच्या मुठीचं जे झालं तेच.

म्हणून पट्ट्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवल्या, दोन सपाट फळ्यांमध्ये हलक्या क्लॅम्पने धरून. रोज स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करते. वजन उतरायचं थांबलं की पट्टी सुकली. यापेक्षा सोपी आणि खात्रीची पद्धत नाही, ओलावा मोजायचं महागडं यंत्र लागत नाही.

उरलेल्या तुकड्यावर दुसरी चाचणी लावलीये. अर्ध्याला जवसाचं तेल आणि मधमाशीचं मेण गरम करून चोळलं, अर्धा कोरा, दोन्ही बादलीत. व्हर्नियरने (जाडी मोजायच्या मापकाने) आधीची जाडी मोजून लिहून ठेवली.

१ जून, रविवार

बादलीतले तुकडे मोजले. कोरा तुकडा जाडीत फुगलाय आणि कापलेल्या कडेला पांढुरका, थर हलकेच उकलायला लागलेत. मेणवाला जवळजवळ तसाच. दोन्ही सुकवल्यावर कोऱ्याची कड पूर्ण मिटली नाही. म्हणजे पाणी शिरतं ते कापलेल्या कडांमधनं, वरच्या सालीतनं फार नाही. मुठीच्या सगळ्या कडा सील करणं हेच या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल, पॉलिशबिलिश नंतर.

डब्यातलं वजन अजून उतरतंय. थांबायचं.

१४ जून, शनिवार

वजन आठवडाभर स्थिर. आज चिकटवलं.

शेपटावरचा गंज एमरीने काढला, मुद्दाम खरखरीत ठेवलं, थिनरने पुसलं. हायलमचं पातळ अस्तर दोन्ही बाजूंना, ते पोलाद आणि शिंग यांच्या मध्ये बसतं. कमानपाट्याचं पोलाद गंजतं, शिंग हलतं, मधला थर दोघांना जरा सांभाळून घेतो. जुनीच रिबिटाची भोकं वापरली, पात्याला नवीन भोक पाडणं नको. शिंगात भोक पाडताना ड्रिल अगदी कमी स्पीडवर, खाली लाकडाचा ठोकळा, ड्रिल सारखं बाहेर काढून भुसा साफ करत.

पाच मिलिमीटरचा पितळी रॉड, नागदेवी स्ट्रीटवरनं आणलेला. तो रिबिटासारखा ठोकून फुलवायचा नाही, शिंग तडकतं. थोडा खरवडून अराल्डाइटमध्ये बसवला, साधं वालं, जलद सुकणारं नाही. जलदवालं पावसाळी हवेत मला तेवढं भरवशाचं वाटत नाही आणि हातात वेळही मिळत नाही. क्लॅम्प बेताने, सगळं अराल्डाइट पिळून बाहेर आलं तर आत काय राहणार. चोवीस तास हात लावणार नाही. पातं जाड पुठ्ठ्यात गुंडाळून टेपने बांधलंय, अशा कामात उघडी धार समोर ठेवून बसायचं नसतं.

१५ जून, रविवार

आकार. अर्धगोल कानस, मग काचपेपर ८०, १२०, २२०. फक्त कडा, पाठ आणि पोट. साल तशीच.

आकारासाठी मामाकडनं एक गोष्ट मागवली होती, ओल्या मातीचा गोळा मुठीत दाबून त्याचा फोटो, बाजूला पट्टी ठेवून. त्यावरनं कळलं की तो चाकू चार बोटांनी आणि तळव्याने धरत नाही, अंगठा पात्याच्या पाठीवर असतो आणि करंगळी जवळजवळ मोकळी. काडीला पाचर काढताना पातं स्वतःकडे ओढायचं असतं, तेव्हा अंगठा काडीखाली जातो. म्हणून मूठ मागे बारीक आणि पुढे जरा भरलेली ठेवली, दुकानातल्या चाकूंच्या उलट. अंगठ्याच्या जागेला छोटी खळगी.

पाठीकडे उभ्या खाचा, त्रिकोणी कानशीने, थोड्याच, खोल नाहीत. इथे मी अँटलरचा धडा उचलला, नक्कल म्हणून नाही, काम म्हणून. सारख्या अंतरावर केल्या नाहीत, अंगठ्याच्या बाजूला दाट, मागे विरळ, हात जिथे जोर लावतो तिथे.

हात ओला करून, साबण लावून धरून बघितलं. पुढे ढकललं, वळ्या अडवतात. फिरवलं, खाचा अडवतात. आंब्याचा चीक मला इथे कुठे मिळणार, साबणावर समाधान.

२१ जून, शनिवार

कडा ४००, ६०० पर्यंत ओल्या एमरीने. आरशासारखी चमक काढता येते शिंगाला, हजारपर्यंत जाऊन कापडी चाकावर धरलं की काळं काचेसारखं होतं, दागिन्यांना आणि कंगव्यांना ते शोभतं. ओल्या हाताच्या हत्याराला ती चमक घातक. सहाशेला थांबले. सालीवर फक्त टूथब्रश.

मग जवस-मेण. ड्रायरने मूठ कोमट करून चोळायचं, पुसायचं, दुसऱ्या दिवशी परत. शिंग आणि पोलाद जिथे भेटतात त्या सांध्यावर, पितळेच्या टोकांभोवती, मागच्या कडेला जास्त. काळ्यात मध्येच एक मधाळ पट्टा निघालाय पोटाकडे, कापताना दिसला नव्हता, तेल लागल्यावर उजळला. फार सुंदर आहे.

धार मामा स्वतः लावतो, त्याला हात लावला नाही.

पार्सलसोबत चिठ्ठी: मामा, उकळत्या पाण्यात नको, चुलीजवळ नको. काम झालं की पुसून वाऱ्यावर ठेव. हंगाम संपला की तेल लावून कोरड्या डब्यात, सोबत कडुनिंबाचा पाला नाहीतर डांबरगोळी, कारण केराटिन खाणारे बारीक किडे असतात, लोकरीला लागतात तेच, ते शिंगात भोकं पाडतात. आणि मूठ चाटायला कुत्र्याच्या तोंडी लागेल अशी ठेवू नकोस.

१३ जुलै, रविवार

मामाचा फोन, बराच वेळ बोलला. कोय कलमं जोरात चालू आहेत, पाऊस तर आहेच. चाकू घसरत नाही म्हणाला. आडव्या वळ्यांचं विशेष कौतुक, बोटं आपोआप त्याच जागी जातात, न बघता. चीक मात्र वळ्यांच्या फटीत जाऊन बसतो आणि काळा होतो, संध्याकाळी खोबरेल तेल लावून जुन्या टूथब्रशने काढतो. हे मला सुचलं नव्हतं, चांगला उपाय आहे, मेणालाही बाधत नाही.

एक तक्रार, पुढचा भराव त्याला किंचित जास्त वाटतो, पाचर काढताना तर्जनी पूर्ण वळत नाही. ते मी इथनं दुरुस्त करणार नाही, त्याला म्हटलं पोटाकडनं बारीक काचपेपरने तूच थोडं थोडं घास, धरून बघ, परत घास, आणि जमलं की त्या जागी लगेच तेल-मेण लाव, कड उघडी ठेवायची नाही.

डोळ्याजवळ धरून सांध्याचा फोटो पाठवायला लावला. फट नाही. खरं उत्तर उन्हाळ्यात मिळेल, शिंग पूर्ण आकसतं तेव्हा, मेमध्ये परत बघायचंय.

त्याच्या शेजारच्या बागवाल्याने बघितला आणि त्यालाही हवाय, तो डावखुरा. म्हणजे पात्याची धार दुसऱ्या बाजूने, अंगठ्याची खळगी उलट, उभ्या खाचांची दाट बाजूही उलट. शिंगाचा दुसरा अर्धा तुकडा शिल्लक आहे, पण त्याच्या वळ्या एका टोकाला झिजून सपाट झाल्यात, तर ती सपाट बाजू मागे करंगळीकडे घेते. पट्ट्या या आठवड्यात कापून ठेवते, उकळायचं काम हवा कोरडी झाल्यावर, ऑक्टोबरमध्ये.